पानक आणि मिरी : समग्रप्रतीतीचा प्रश्न

म्हैसूर विद्यापीठात १९२४ साली एम. व्ही. गोपालस्वामी यांनी मानसशास्त्राचा विभाग उभा केला. लंडनमधील त्यांचे गुरू स्पिअरमन हे लाइपझिगच्या वुंटचे विद्यार्थी. संवेदनांचे सुटे घटक तपासून अनुभवाची घडण उकलावयाची, ही वुंटची रीत. (एवढ्यावरून गोपालस्वामींना घटकवादी ठरविणे मात्र अन्यायाचे होईल.) त्याच नगरीत महाराजा कॉलेजात संस्कृतचे अध्यापन केलेल्या एम. हिरियण्णांचे रसविचारावरील इंग्रजी निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १९५४ साली प्रसिद्ध झाले. रसविचाराची दिशा वुंटच्या नेमकी उलट. अभिनवगुप्तांचा दृष्टान्त पानकाचा आहे. रामनवमीला म्हैसूरकडे आजही वाटले जाणारे हे पेय पिताना गूळ, मिरी वेगवेगळी चाखली जात नाहीत. चव एकच लागते, आणि ती कोणत्याही एका घटकात नसते.

वेर्थायमरने १९१२ साली गतिभासावरील प्रयोगांतून जे मांडले, ते याच्या जवळचे आहे. पण आपल्याकडे वाद त्याहून जुना. झाडाची एक बाजू दिसते आणि उरलेल्याचे अनुमान होते, हा पक्ष न्यायसूत्रांनी खोडला : अवयवांहून वेगळा अवयवी प्रत्यक्षच दिसतो. प्रतिपक्षाने सैन्य आणि वन यांची उदाहरणे पुढे केली. दुरून एक भासले तरी ते अनेकच. गंमत अशी, की नेव्हॉनच्या १९७७ मधील गाजलेल्या प्रयोगाच्या शीर्षकातही वनच आहे. लहान अक्षरांनी रचलेले मोठे अक्षर आधी ओळखले जाते, असे त्याला आढळले. मात्र आकृती पुरेशी मोठी केली की क्रम उलटतो, हे दोनच वर्षांत दिसून आले. म्हणजे समग्राचे अग्रत्व निरपवाद नाही.

मराठीत हा प्रश्न मर्ढेकरांच्या लयतत्त्वापाशी येऊन ठेपतो. संवाद, विरोध, समतोल ही घटकांमधील नाती त्यांनी नेमकी हेरली. परंतु दोन रंग एका चित्रात विरोधी, तर दुसऱ्यात संवादी ठरतात. ते ठरविते कोण? चित्राचे समग्र रूपच. लयतत्त्व ही अनुभवाची घडण नव्हे, अनुभवानंतरची तपासणी होय. हा भेद पुसला गेला, म्हणून आपल्या वर्गांतून कविता एकदा सलग ऐकविण्यापूर्वीच तिच्यातील अलंकार ओळखावयास सांगितले जातात, आणि मिरी मोजणाऱ्याच्या ओठाला पानक लागतच नाही.