मरणाची घटिका आणि रहस्यकथेंतील डॉक्टर

रहस्यकथेंत प्रेत सांपडलें कीं दुसऱ्या पानावर डॉक्टर येतो. तो वांकून पाहतो, प्रेताचा हात उचलून सोडून देतो, घड्याळाकडे दृष्टि टाकतो आणि सांगतो, "मृत्यु रात्रीं साडेदहा ते अकराच्या दरम्यान झाला." पुढचीं दोनशें पानें या एका वाक्यावर उभीं असतात. साडेदहाला कोण कोठें होता, अकराला दिवाणखान्यांतील दिवा कोणीं मालविला, याचा हिशेब गुप्तहेर मांडतो, आणि आपणहि त्याच्याबरोबर मांडतों. डॉक्टरला मात्र कोणी विचारीत नाहीं कीं, बाबा, हा अर्धा तास तूं कोठून आणलास? आज तोच प्रश्न विचारण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा प्रश्न आम्हांस विलायती कादंबरीनें सुचविला नाहीं; भीमाकांठच्या उसानें सुचविला. दौंड तालुक्यांतील राहू आणि भोंवतालचीं गांवें यांचा भीमा व मुळा-मुठा यांच्यामधला मुलूख राहू बेट या नांवानें ओळखला जातो. पाणी आहे म्हणून ऊस आहे, आणि ऊस आहे म्हणून बिबट्या आहे. दाट उसांत तो दिवसा दडतो, तेथेंच त्याचीं पिलें वाढतात, आणि रात्रीं शेळ्यामेंढ्या व कुत्रीं यांवर त्याचा निर्वाह चालतो. समजा, एखाद्या धनगराची मेंढी सकाळीं उसाच्या बांधावर अर्धवट खाल्लेली आढळली. नुकसानभरपाई हवी तर ४८ तासांच्या आंत वनखात्यास कळवावें लागतें; मग पंचनामा होतो. त्या पंचनाम्यांत खरा प्रश्न एकच असतो: मेंढी बिबट्यानें मारली, कीं रोगानें अगोदरच मेलेली मेंढी जनावरांनीं मागाहून खाल्ली? दांत आधीं कीं मरण आधीं? धनगराच्या घरची वर्षाची मिळकत कधीं कधीं या एका उत्तरावर टांगलेली असते.

येथें प्रेत काय बोलतें तें पाहूं. दांत जिवंतपणीं लागले असतील तर गळ्याच्या जखमेभोंवतीं मांसांत रक्त झिरपलेलें दिसतें. मेल्यावर लागले तर तसें दिसत नाहीं. ही साक्ष बरीच भरंवशाची. परंतु 'किती वाजतां' हा प्रश्न आला कीं साक्षीदार अडखळूं लागतो. प्रेत थंड होतें हें खरें. पण तें भोंवतालच्या हवेपर्यंतच थंड होणार. वैशाखांत दुपारीं हवाच चाळीस अंशांच्या घरांत असली, तर ३९ अंश उष्णता बाळगणारी मेंढी थंड तरी कशी व्हावी? शिवाय तिच्या अंगावर लोंकर असते, आणि पोटांतील चाऱ्याचें आंबणें मरणानंतरहि कांहीं काळ चालूच राहून आंतली ऊब टिकवितें. माणसासाठीं बांधलेलें कोष्टक तिला लावणें म्हणजे पोराच्या मापाचा अंगरखा बापाला घालणें होय.

दुसरें घड्याळ ताठरपणाचें. स्नायूंतील शक्तिद्रव्य संपलें कीं त्यांचे तंतू एकमेकांत अडकून राहतात आणि अंग लांकडासारखें होतें. पुढें कुजण्यास आरंभ झाला कीं तें पुन्हां सैल पडतें. आपल्याकडील पाठ्यग्रंथ माणसाच्या बाबतींत हा ताठरपणा उन्हाळ्यांत सुमारें १८ ते ३६ तास आणि हिंवाळ्यांत २४ ते ४८ तास टिकतो असें सांगतात. या आंकड्यांतच केवढी फट आहे पाहा! त्यांतून मरणापूर्वीं जनावर धांवलें-झुंजलें असेल तर तें लवकर ताठरतें. म्हणजे ज्या मेंढीचा बिबट्यानें पाठलाग केला तिचें घड्याळ आरंभापासूनच पुढें असतें. तिसरें घड्याळ माश्यांचें. निळ्या-हिरव्या माश्या उजेडीं प्रेतावर अंडीं घालतात आणि उन्हाळ्यांत तीं दिवसाच्या आंत फुटतात. अळीच्या वाढीवरून "मरण निदान इतक्या काळापूर्वींचें" एवढें म्हणतां येतें. परंतु रात्रीं माश्या सहसा अंडीं घालीत नाहींत, आणि बिबट्याचा उद्योग तर रात्रींचा!

उष्णतेवरून काळ काढण्याची सर्वांत काटेकोर रीत हेन्सगे या जर्मन शास्त्रज्ञानें माणसासाठीं बसविली. प्रेताचें वजन, आंतील उष्णता व हवेची उष्णता हीं तिन्ही नीट मोजलीं, तरी शंभरांतील पंचाण्णव प्रसंगांचा विश्वास धरावयाचा तर उत्तराच्या अलीकडे-पलीकडे २.८ तास सोडावे लागतात. म्हणजे अनुकूल परिस्थितींतहि साडेपांच तासांहून अधिक रुंदीची खिडकी! रहस्यकथेंतील डॉक्टर मात्र हात लावून अर्धा तास सांगतो.

यावर कोणी म्हणेल, कादंबरी म्हणजे वैद्यकाचा ग्रंथ नव्हे. वाचकाला कोडें हवें असतें, आणि कोड्याला नेमकी वेळ लागते. आम्हांस हें अंशतः मान्य आहे. बाबूराव अर्नाळकरांनीं हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून महाराष्ट्राला वाचनाचें जें वेड लाविलें, त्यांतील धनंजय आणि झुंजार यांच्याकडून कोणी शरीरशास्त्र शिकावयास गेला नव्हता. आणि वेगानें पळणाऱ्या कथेला थांबवून तिच्याकडून दाखला मागणें अरसिकपणाचें होईल. परंतु ज्या कथेची सारी भिस्त तर्कावर आहे, तिनें तर्काचा पायाच उसना आणावा, हा दोष शास्त्राचा नसून कलेचा आहे.

तो टाळतां येतो, हें डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेनें १९३२ सालीं 'हॅव हिज कार्कस' या कादंबरींत दाखविलें. (मर्म सांगतों याबद्दल, इतक्या वर्षांनंतर तरी, वाचकांनीं क्षमा करावी.) समुद्रकांठच्या खडकावर एका माणसाचें प्रेत सांपडतें, रक्त अजून पातळ आहे, म्हणून मरण नुकतेंच आलें असें सर्व धरून चालतात. त्या वेळेला ज्यांच्यावर संशय ते सर्व अन्यत्र होते. शेवटीं उलगडतें तें असें कीं, मृताला रक्त न साकळण्याचा उपजत रोग होता. मरण कितीतरी आधींचें. लेखिकेनें येथें शास्त्राला वांकविलें नाहीं. शास्त्र ज्या गृहीतावर उभें होतें तें गृहीतच हलविलें. रहस्य घड्याळाच्या नेमकेपणांत नसून त्याच्या चुकण्यांत आहे, हें ज्याला उमगलें त्याला विषयांची वाण पडणार नाहीं.

ही नुसती साहित्यिकांची चर्चा असती तर आम्ही इतका आग्रह धरला नसता. राहूपासून फार दूर नसलेल्या पारगांवाजवळ भीमेच्या पात्रांत जानेवारी २०२३ मध्यें एकाच कुटुंबांतील सात जणांचीं प्रेतें आठवड्याभरांत निरनिराळ्या दिवशीं सांपडलीं. आरंभीं आत्महत्येचा तर्क झाला. मागाहून पोलिसांनीं खुनाचा गुन्हा नोंदविला. पाण्यांत प्रेत हवेपेक्षां सावकाश कुजतें, आणि तें केव्हां वर यावें हें पाणी व त्याची उष्णता ठरविते. सांपडल्याचा दिवस हा मरणाचा दिवस नव्हे. अशा प्रसंगीं पहिल्या तर्काला चिकटून न राहतां थांबणें हाच न्यायाचा आरंभ होय. आणि जो वाचक आज कादंबरींत अर्ध्या तासाचें उत्तर निमूटपणें स्वीकारतो, तोच उद्यां गांवांत पंच म्हणून पंचनाम्यावर सही करतो.

म्हणून आमच्या नव्या कथालेखकांस एक सूचना करावीशी वाटते. वाडा, दिवाणखाना आणि बारा वाजल्याचे ठोके आतां पुरे झाले. उसाच्या बांधावर एक मेलेली मेंढी ठेवा; शेजारीं तिचा धनी, वनरक्षक आणि गुरांचा डॉक्टर उभे करा. डॉक्टरला प्रामाणिकपणें बोलूं द्या: "काल दिवस मावळल्यापासून आज पहांटेपर्यंत केव्हांहि." त्या दहा-बारा तासांच्या अंधारांत कोण जागा होता, कोण खोटें बोलतो आणि कोणाचें पोट त्यावर अवलंबून आहे, याचा शोध ज्या कथेला घेतां येईल, तिची आम्ही वाट पाहत आहों.