बीप वाजली नाही, म्हणजे काय?

गेल्या रविवारी काका सोसायटीच्या पार्किंगमधून गाडी मागे घेत होते. मी हात दाखवायला गेलो, तर म्हणाले, "बाजूला हो रे. सेन्सर आहे ना! काही असलं तर बीप वाजेल."

माझी पीएचडी अल्ट्रासाऊंडवर आहे, त्यामुळे हे वाक्य मला टोचलं. 'बीप वाजली तर काहीतरी आहे' हे बहुतेक वेळा खरं. काकांनी ते उलटं करून घेतलं.

बंपरवरची ती गोल चकती साधारण ४० किलोहर्ट्झ किंवा थोड्या वरच्या कंपनाचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडते आणि मग स्वतःच कान देऊन बसते. एक मीटरवरच्या भिंतीचा प्रतिध्वनी जवळपास ६ मिलिसेकंदांत परत येतो. त्या वेळेवरून अंतर निघतं. झकास युक्ती आहे, पण प्रतिध्वनी परत आला तरच! तिरकी गुळगुळीत वस्तू तो भलतीकडेच उडवते. लोकर, सैल कपडे तो गिळतात. खूप जवळची वस्तूही निसटू शकते, कारण आवाज सोडल्यावर चकती काही क्षण थरथरत असते, टोल दिलेल्या घंटेसारखी. आणि खडी किंवा स्पीडब्रेकरवर उगाच बोंब नको म्हणून क्षीण प्रतिध्वनी मुद्दाम दुर्लक्षिले जातात. खाली बसलेल्या लहान मुलाचा प्रतिध्वनीही क्षीणच असतो.

आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी गाड्यांना मागचे सेन्सर सक्तीचे झाले. अमेरिकेत २०१८ पासून गाडीमागची सुमारे ६ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद जागा चालकाला दिसलीच पाहिजे, म्हणजे व्यवहारात कॅमेराच. तिथल्या रस्ते सुरक्षा यंत्रणेनं आधी सेन्सर तपासले होते. माणसं, त्यातही मुलं ओळखण्यात ते कच्चे निघाले. हे आपला नियम येण्याच्या कितीतरी आधीचं. सेन्सर नसण्यापेक्षा असलेला बरा, मान्य. पण जो खांब वाचवतो, तो मूल वाचवेलच असं नाही, आणि आपण सक्ती केली ती त्याची.

कॅमेराही धुतल्या तांदळासारखा नाही. पडद्यावरच्या रंगीत रेषा सपाट जमीन धरून आखलेल्या असतात. टेम्पोतून बाहेर डोकावणारी सळई जमिनीपासून वर असते, म्हणून ती आहे त्यापेक्षा लांब भासते. पावसाळ्यात भिंगावर चिखल बसला की तेवढंही नाही. तरी चिखल निदान डोळ्यांना दिसतो. बीप न वाजण्याला मात्र दोन अर्थ आहेत, 'जागा मोकळी आहे' आणि 'मला कळलं नाही', आणि दोन्ही ऐकायला सारखेच. गाडीच्या पुस्तिकेत बारीक अक्षरात हे असतं. वाचतं कोण?

संध्याकाळी मी काकांच्या गाडीमागे आजीची गोधडी गुंडाळून ठेवली, रांगत्या मुलाच्या उंचीएवढी. काकांनी अगदी हळू गाडी मागे घेतली. मी हात करून थांबवलं, तोवर गोधडी वीतभर अंतरावर आली होती. बीप नाही. काका उतरले, एकदा गोधडीकडे बघितलं, एकदा बंपरकडे.

"उद्यापासून उभा राहत जा," म्हणाले. "पण मागे नको, कडेला. आरशात दिसशील असा."