तातडीची शुश्रूषा आणि आमचे वाङ्मय

रोग हा वाङ्मयाचा फार जुना विषय आहे. परंतु रोग्यास वेळेवर उपचारापर्यंत पोचविणारा मनुष्य आमच्या वाङ्मयास अद्याप नीटसा दिसलेला नाही. मराठीत वैद्य आहेत, रोगी आहेत, शोकाकुल आप्त तर विपुल आहेत. घरापासून दवाखान्यापर्यंतच्या वाटेवर जो काळाशी झगडतो, त्याच्याविषयी मात्र आमची लेखणी बहुधा मुकी असते. ही केवळ एका विषयाची उणीव असती, तर तिची फारशी खंत नव्हती. परंतु ह्या मौनाने आमच्या रसदृष्टीबरोबर न्यायदृष्टीही अधू केली आहे, असे आम्हांस वाटते.

औंढा नागनाथाच्या देवळातील विसोबा खेचर व नामदेव ह्यांची कथा सर्वश्रुत आहे. गुरूच्या शोधात आलेल्या नामदेवास एक जर्जर म्हातारा शिवलिंगावर पाय ठेवून निजलेला दिसतो. नामदेव रागावतो. म्हातारा म्हणतो, माझ्याने पाय उचलवत नाहीत; जेथे पिंड नसेल तेथे तूच ते नेऊन ठेव. नामदेव पाय उचलून जेथे ठेवू जातो, तेथे पिंड प्रकट होते. ईश्वर सर्वत्र आहे, हे ह्या कथेचे तात्पर्य आजवर सांगितले गेले, आणि ते यथार्थच आहे. पण कथेची रचना पाहावी. हे ज्ञान नामदेवास उपदेशाने होत नाही, ध्यानानेही होत नाही. तो दूर उभा राहून रागावला होता तोवर त्यास काही कळले नाही. असहाय देहाचा भार हाती घेतला तेव्हा कळले. कथाकाराने ज्ञानास उचलण्याची अट घातली आहे. तात्पर्यावर लुब्ध झालेल्या आमच्या निरूपणकारांचे ह्या अटीकडे सहसा लक्ष जात नाही.

लोकमानसाने मात्र उचलणाऱ्यास एके ठिकाणी पूर्ण मान दिला आहे. लक्ष्मणास शक्ती लागली तेव्हा औषधी सांगितली सुषेणाने, सूर्योदयापूर्वीची मुदतही त्यानेच घातली. परंतु औषधी आणली मारुतीने, आणि ती ओळखू येईना म्हणून सगळा पर्वतच उचलला. मारुतीची थोरवी एवढ्याच पराक्रमावर उभी नाही, हे खरे; तथापि चित्रकाराने त्याच्या हाती पर्वत दिला, आणि सुषेणाचे नाव आज किती जणांस आठवते? योग्य औषध वेळेनंतर आले तर ते औषधच नव्हे, हे त्या जुन्या कथाकारास पक्के ठाऊक होते.

अर्वाचीन काळात ही जाणीव लोपली. १८९७ सालच्या प्लेगात सावित्रीबाई फुले ह्यांनी मुंढव्याकडील एका दलित मुलास पाठीवर घेऊन पुत्र डॉ. यशवंत ह्यांच्या हडपसरजवळील दवाखान्यात पोचविले, त्यांना त्याच रोगाची बाधा झाली, आणि १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. ही हकीकत चरित्रांतून वारंवार येते. पण ती बहुधा एका वाक्यात येते, आणि ते वाक्य हौतात्म्याकडे घाईने धावते. साठी उलटलेली एक स्त्री, तापाने फणफणलेले मूल, पायांखालचा रस्ता, ओझे सावरण्यासाठी मध्येच थांबणे, हे सारे कल्पनेला आव्हान देणारे आहे. चरित्रकारास मृत्यू दिसतो. ती वाट दिसत नाही.

डॉक्टरांच्या आत्मचरित्रांनी मराठीस पुष्कळ दिले आहे, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. 'बॅरिस्टरचं कार्टं' लिहिणारे डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे मराठवाड्याचे; महाडच्या परिसरात विंचूदंशाच्या रोग्यांपाशी बसून त्यांनी केलेल्या निरीक्षणातून जगास उपयोगी पडणारी उपचारपद्धती निघाली. डॉ. रवी बापटांनी के.ई.एम.चा वॉर्ड मराठी वाचकांस उघडून दाखविला, तर डॉ. अभय बंगांनी स्वतःच्या हृदयविकारास आत्मपरीक्षणाचा विषय केले. ह्या ग्रंथांत उणे काढण्याचा आमचा हेतू नाही. मर्यादा आहे ती आत्मचरित्र ह्या प्रकाराची. त्याचा नायक 'मी' असतो, आणि तातडीची शुश्रूषा हे कोणा एकाचे कर्तृत्व नसते. ती अनेक हातांची साखळी असते. एक कडी तुटली की उरलेल्या सर्व व्यर्थ.

ती साखळी कशी असते, हे औंढ्याच्या परिसरावरूनच पाहू. नागनाथाच्या ह्या मुलखात शेतकऱ्यास सापाचे भय नित्याचे आहे. मण्यार रात्री, जमिनीवर निजलेल्यास चावते. दंश पुष्कळदा जाणवतही नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, घोट गिळवत नाही, आणि पुढे श्वासाचे स्नायू लुळे पडू लागतात. आता प्रतिविष हवे, आणि ते गुण देईपर्यंत श्वास कोणीतरी चालवावयास हवा. मोठे उपचार हिंगोली, परभणी किंवा नांदेडास. महाराष्ट्रात २०१४ साली १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली, तेव्हा तीत ९३७ गाड्या होत्या, त्यांपैकी २३३ अधिक सुसज्ज. आणि गाडीत डॉक्टर असावा, हे तिचे वैशिष्ट्य. म्हणजे दूरध्वनीवर घाबऱ्या माणसाकडून गावाचा नेमका पत्ता काढणारा एक, अंधारात रस्ता शोधणारा चालक दुसरा, आणि हलत्या गाडीत रबरी पिशवी दाबून दाबून रोग्याच्या छातीत हवा भरणारा, पुष्कळदा आयुर्वेदाचा पदवीधर असलेला, तरुण डॉक्टर तिसरा. ह्यांपैकी नायक कोणास म्हणावे?

ह्यावर कोणी म्हणेल की हे काम यांत्रिक आहे; रोज तेच घडते, त्यात वाङ्मय कोठून येणार? आमचे उत्तर असे की त्यात एक विलक्षण गोष्ट आहे, आणि ती कथाकाराच्या नजरेतून निसटली आहे. रोग्यास दवाखान्याच्या दारात उतरवून गाडी परत फिरते. तो जगला की गेला, हे गाडीतल्या माणसांस पुष्कळदा कधीच कळत नाही. त्यांच्या प्रत्येक कथेस आरंभ आहे, कळस आहे, पण शेवट नाही. शेवट ठाऊक नसताना पुन्हा दुसऱ्या हाकेस धावणाऱ्या मनाचे काय होत असेल? टॉलस्टॉयने 'युद्ध आणि शांती'त तुशिन नावाचा एक ओबडधोबड तोफखान्याचा अधिकारी रंगविला आहे. लढाई त्याच्या तोफांनी सावरलेली असते, आणि नंतर बोलणी खातो तोच. सेनापतींच्या गर्दीत तुशिन दिसणे, हीच टॉलस्टॉयची प्रतिभा.

असे पाहणे नसले म्हणजे काय होते, हे समाजात दिसतेच. आमच्या लोकप्रिय कथांनी आणि चित्रपटांनी ह्या मंडळींस दोनच सोंगे दिली आहेत: देवदूत आणि यमदूत. वाचला तर हार, दगावला तर मार. गाडीस उशीर झाला तर रस्ता कसा होता, गाड्या किती होत्या, चालक किती तासांपासून जागा होता, हे प्रश्न संतापलेल्या जमावास सुचत नाहीत. कारण असे प्रश्न विचारावयास त्यास कोणत्याही कथेने शिकविलेले नाही. वैद्यकीय सेवकांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्रास २०१० साली स्वतंत्र कायदा करावा लागला. कायदा हात धरू शकतो. दृष्टी देणे हे वाङ्मयाचे काम आहे.

तेव्हा आमची मागणी स्तुतिपाठाची नाही. ह्या लोकांत कामचुकार असतील, उद्धट असतील, भित्रेही असतील. ते सारे खुशाल लिहावे. देवदूत म्हणून ओवाळण्यापेक्षा माणूस म्हणून न्याहाळणे अधिक मानाचे आहे. पण त्यासाठी लेखकास देवळाच्या दारात उभे राहून तात्पर्य सांगण्याचा मोह सोडावा लागेल, आणि नामदेवाप्रमाणे तो भार थोडा वेळ तरी स्वतःच्या हाती घ्यावा लागेल.