आईच्या दारी कुळाचा दाखला कशाला?

उपासनेचा नवा मार्ग निघाला, की त्यांचा देव कोणता, हे आपण आधी विचारतो. पण त्या दारात शिरणाऱ्याकडून काय मागितले जाते, हेही विचारायला हवे. आयर्लंडमधील ‘फेलोशिप ऑफ आयसिस’ हा लहानसा देवीपंथ या कसोटीवर पाहण्याजोगा आहे.

क्लोनेगल गावातील जुन्या हंटिंग्टन किल्ल्यात १९७६ साली तो स्थापन झाला. स्थापणारी माणसे एकाच घरातली तीन: ऑलिव्हिया रॉबर्टसन, त्यांचे भाऊ लॉरेन्स आणि भावजय पामेला. लॉरेन्स हे ‘चर्च ऑफ आयर्लंड’चे धर्मोपदेशक होते. त्या चर्चने स्त्रियांना ही दीक्षा देण्याचे १९९० मध्ये ठरवले. या घराने मात्र त्याआधीच देवाला आई म्हटले आणि स्त्रीच्या हाती पूजा दिली. आयसिस ही प्राचीन इजिप्तची देवी. पण किल्ल्याच्या तळघरातील मंदिरात इतर देशांच्या देवींनाही जागा मिळाली.

पंथाचा जाहीरनामा वाचताना मन प्रसन्न होते. शपथ नाही, गुप्तता नाही. आपला धर्म सोडावा लागत नाही. वाटेल तेव्हा निघून जावे, वाटेल तेव्हा परत यावे. सर्व सभासद समान. पूजेत बळी नाही, प्रतीकरूपानेही नाही. अशा पंथाला मोठी देवळे लागली नाहीत. देशोदेशीच्या लोकांनी आपापल्या घरीच लहान उपासनास्थाने मांडली आणि त्यातून तो वाढला. १९९३ च्या शिकागो येथील सर्वधर्म परिषदेत ऑलिव्हियाबाई त्याच्या वतीने बोलल्या.

एवढे निर्मळ असताना खडा लागतो तो एका ठिकाणी. पंथातील पौरोहित्याचा अधिकार प्राचीन इजिप्तपासून रॉबर्टसन घराण्यात वंशपरंपरेने चालत आला, असे तोच जाहीरनामा सांगतो. याला इतिहासाचा आधार नाही. पुढे पुरोहितांवर महापुरोहितही आले. नव्या मार्गाला जुनेपणाचा आधार हवासा वाटतो, हे समजते. पण सर्व समान म्हणायचे आणि अधिकार मात्र रक्तातून आला असे सांगायचे, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत.

ऑलिव्हियाबाई २०१३ मध्ये निवर्तल्या. पंथ टिकला तो घराघरांतील साध्या उपासनेवर. तिथे कोणी वंशावळ विचारत बसले नसेल. लेकराला आईकडे जायला कुळ लागत नाही. मग वाट दाखवणाऱ्याला तरी ते का लागावे? हा प्रश्न त्या किल्ल्यापुरताच नाही.