झासू पिट्स : तेच हात, नवा आवाज



मूकपट संपून बोलपट आले तेव्हा नटांचे काय झाले, या प्रश्नाला बहुतेक टिपणांत एकच उत्तर सापडते : ज्यांचा आवाज चांगला ते टिकले, ज्यांचा वाईट ते गेले. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो, त्यामुळे यंत्रावर सगळे ढकलणारे हे उत्तर मलाही बरीच वर्षे पटत होते. झासू पिट्स या अमेरिकी अभिनेत्रीचे चित्रपट लागोपाठ पाहिले आणि ते पटेनासे झाले. तिचा आवाज रूढ अर्थाने चांगला नव्हता, तरी ती टिकली. मात्र टिकली ती निराळीच झासू पिट्स होती.

तिचा जन्म १८९४ चा, कॅन्सस राज्यातला. १९१७ च्या सुमारास मेरी पिकफर्डच्या चित्रपटांतून ती पडद्यावर आली. मोठे डोळे, ओढलेला चेहरा, आणि सतत काहीतरी चाचपडणारे हात. नायिकेचे रूप नव्हते, म्हणून वाट्याला आल्या त्या मोलकरणी, मैत्रिणी, वेंधळ्या मुली. अशा भूमिका करणाऱ्यांना आपण चरित्र अभिनेते म्हणतो. कथा दुसऱ्याची असते, आणि मिळालेल्या दोन-चार प्रसंगांत एक पुरा माणूस उभा करायचा असतो.

या मुलीत शोकांतिकेची नायिका आहे हे ओळखले एरिक फॉन स्ट्रोहाइम या दिग्दर्शकाने. फ्रँक नॉरिसच्या १८९९ च्या कादंबरीवरचा त्याचा ‘ग्रीड’ १९२४ मध्ये प्रदर्शित झाला. मूळ चित्रपट आठ तासांहून मोठा होता. कंपनीने तो कापून सुमारे सव्वादोन तासांवर आणला आणि कापलेला भाग नष्ट झाला. उरलेल्यातही पिट्सची ट्रीना विसरता येत नाही. साधी, लाजरी मुलगी. तिला पाच हजार डॉलरची सोडत लागते, आणि तिथून पैसा तिला आतून पोखरत जातो. नवऱ्याशी खोटे बोलून झाले की ती ओठांशी बोट नेते आणि स्वतःशीच हसते. नाणी घासूनपुसून लख्ख करते, कुरवाळते, अंथरुणात घेऊन निजते. पुढे नवरा पैशासाठी तिची बोटे चावतो. म्हणजे ही सगळी गोष्ट तिच्या हातांवर लिहिलेली आहे म्हणा ना. लोभ चेहऱ्यावर दाखवणारे नट पुष्कळ असतात. बोटांच्या टोकांवर लोभ दाखवणारी मी तरी हीच एक पाहिली. स्ट्रोहाइमच्याच ‘द वेडिंग मार्च’मध्ये (१९२८) ती श्रीमंत बापाची लंगडी मुलगी आहे. आपल्याशी लग्न पैशासाठी होते आहे हे तिला कळते, आणि ते कळल्याचे ती कोणाला कळू देत नाही.

तोवर ध्वनी आला होता. यंत्राकडे थोडे वळू. आवाज चित्राशी जुळायचा तर फिल्मचा वेग पक्का हवा; तो सेकंदाला २४ चौकटी असा ठरला. कॅमेऱ्याची घरघर मायक्रोफोनमध्ये जाऊ नये म्हणून कॅमेरा बंद खोलीत कोंडला गेला, आणि नट मायक्रोफोनच्या आसपास खिळला. सुरुवातीच्या यंत्रणेत अगदी खालचे आणि अगदी वरचे स्वर नीट येत नसत, मधला पट्टा तेवढा स्वच्छ येई. पिट्सचा आवाज बारीक, नाकातला, कण्हल्यासारखा, शब्द लांबवणारा. तो या मधल्या पट्ट्यातून बिनधोक पार पडला असावा, असा माझा अंदाज आहे. यंत्राने तिला नाकारले नाही.

मग नाकारले कोणी? ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ (१९३०) या युद्धविरोधी चित्रपटात लुईस माइलस्टोनने तिला नायकाच्या आईची भूमिका दिली. भूमिका पुरी चित्रित झाली. पूर्वप्रदर्शनात ती पडद्यावर दिसताच लोक हसले. आजारी आई, रणांगणावरून आलेला मुलगा, आणि प्रेक्षागृहात हशा! तिचे प्रसंग काढून बेरिल मर्सर या अभिनेत्रीला घेऊन पुन्हा चित्रित केले गेले.

या घटनेचे खापर आवाजावर फोडणे सोपे आहे. पण लोक हसले ते तिला पाहताच, हे लक्षात घ्या. विनोदी भूमिकांतून ती त्यांच्या चांगली ओळखीची झाली होती. माझ्या मते आवाजाने एवढेच केले की ही ओळख पक्की करून टाकली. मूकपटात तिच्या थरथरत्या हातांचा अर्थ प्रसंगागणिक नव्याने लावावा लागे : कधी लोभ, कधी भीती, कधी लाज. बोलपटात त्या हातांना कण्हता आवाज मिळाला आणि अर्थ कायमचा ठरला, ‘वेंधळी बाई’. आपल्याकडे १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला तेव्हा सुलोचना म्हणजे रूबी मायर्स यांच्यापुढे अडचण भाषेची होती, आणि हिंदुस्थानी शिकून त्या परतल्या. पिट्सची भाषा प्रेक्षकांचीच होती. तिने शिकून येण्यासारखे काही नव्हतेच.

पुढचे तिचे यश खरे आहे, ते कमी लेखू नका. हॅल रोच यांच्या स्टुडिओत १९३१ ते १९३३ या काळात थेल्मा टॉडबरोबर तिने सतरा विनोदी लघुपट केले. ‘रगल्स ऑफ रेड गॅप’मध्ये (१९३५) चार्ल्स लॉटनसमोर ती स्वयंपाकीण आहे. तिथे दिग्दर्शक लिओ मॅकॅरी तिला घाई करू देत नाही, आणि विनोदातून जुनी हळवी पिट्स डोकावते. बोलपटांतले तिचे माझे सर्वांत आवडते काम हेच. तिच्या बोलण्याची लकब तर इतकी घराघरांत गेली की ‘पॉपाय’ या व्यंगपटांतल्या ऑलिव्ह ऑइलचा आवाज मे क्वेस्टेल या कलावतीने तिच्यावरूनच बेतला.

आता एक काम करा. टॉडबरोबरचा तिचा कोणताही लघुपट आवाज बंद करून पाच मिनिटे पाहा, नजर फक्त तिच्या हातांवर ठेवा. लगेच ‘ग्रीड’मधला नाण्यांचा प्रसंग पाहा आणि दोन्हींत हातांच्या हालचाली किती वेगळ्या आहेत ते लिहून काढा. मी ही यादी केली तेव्हा ती अपेक्षेपेक्षा फारच छोटी निघाली.

पिट्स जून १९६३ मध्ये वारली. शेवटचा चित्रपट ‘इट्स अ मॅड, मॅड, मॅड, मॅड वर्ल्ड’ त्याच वर्षी नोव्हेंबरात लागला. त्यात ती पोलीस ठाण्यातली टेलिफोन ऑपरेटर आहे.