भस्मासुराचे रूपक आणि हुकूमशहाचा अंत

वि. ग. कानिटकर यांच्या ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ या ग्रंथाचे नाव मराठी वाचकाच्या मनात इतके रुजले आहे की हिटलरचा विषय निघताच भस्मासुर आठवावा. ग्रंथातील मजकुराची समीक्षा येथे अभिप्रेत नाही. शीर्षकातील रूपक हुकूमशहाच्या मृत्यूविषयी आपला कोणता समज करून देते, एवढाच प्रश्न आहे.

रूपकाचे बळ प्रथम मान्य केले पाहिजे. असुराला वर देणारा कोणी तरी असतो, हे ते विसरू देत नाही. ३० जानेवारी १९३३ रोजी हिंडेनबुर्गने हिटलरला चॅन्सेलर नेमले आणि २३ मार्चला राइशस्टागने कायदे करण्याचा अधिकार त्याच्या मंत्रिमंडळाच्या हाती दिला. ३० एप्रिल १९४५ रोजी आत्महत्येनंतर त्याचे प्रेत पेट्रोल ओतून जाळण्यात आले. येथे तर रूपक अक्षरशः खरे ठरते.

परंतु पुराणातला असुर मोहिनीच्या नृत्याला भुलून मरतो, लढाईवाचून. हिटलरने पिस्तूल उचलले तेव्हा सोव्हिएत सेना काहीशे मीटरांवर येऊन ठेपली होती. आत्मनाशाची कथा त्या सैनिकांना पडद्याआड लोटते. आणि ते युद्ध आपल्याला पुराणाइतके दूरचेही नव्हते. गोंदियाजवळच्या बिरसीची धावपट्टी ब्रिटिशांनी त्याच काळात बांधलेली आहे.

दुसरा दोष आमच्या मते अधिक गंभीर होय. भस्मासुराचा वर त्याच्याबरोबरच जळाला; हिटलरची सत्ता मात्र मृत्युपत्राने अॅडमिरल ड्योनिट्झकडे गेली. सैनिकांची शपथ १९३४ पासून हिटलरच्या व्यक्तीशी बांधलेली होती, ती त्याच्या मृत्यूने सुटली आणि शरणागती सुकर झाली, हे खरे. तरी १ मेच्या रात्री नभोवाणीवरून तो लढता लढता पडला असेच सांगण्यात आले. ७ व ८ मे रोजी शरणागतीवर सह्या झाल्या. ड्योनिट्झचे सरकार फ्लेन्सबुर्ग येथे २३ मेपर्यंत, म्हणजे अटक होईतो, कारभाराचा देखावा करीत राहिले. दरम्यान १० मे रोजी त्या शहराजवळच्या समुद्रात एका जहाजावर तीन जर्मन नौसैनिकांना पलायनाबद्दल गोळ्या घालण्यात आल्या. न्यायालय, हुकूम, बंदुका सारे शाबूत होते. ज्याच्या नावाने हे चालत आले तो राख होऊन दहा दिवस लोटले होते. पलायनाबद्दलच्या अशा शिक्षा सरसकट रद्द करणारी कायद्यातील दुरुस्ती जर्मन संसदेने केली ती २००२ साली.