ऐतिहासिक कादंबरीतील शृंगार आणि रहस्य

मराठी ऐतिहासिक कादंबरीचा आरंभ १८७१ साली ‘विविधज्ञानविस्तारा’तून आलेल्या रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या ‘मोचनगडा’पासून धरण्याचा प्रघात आहे, आणि या पहिल्याच कृतीत किल्ला कल्पित, नायक-नायिका कल्पित आणि शिवाजी महाराज मात्र कथेच्या कडेला उभे, अशी जी मांडणी झाली, ती पुढील चाळीस-पन्नास वर्षे या वाङ्मयप्रकाराचा शिरस्ताच होऊन बसली. राजकारण बखरींतून घ्यावे, प्रेम आणि रहस्य मात्र ज्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत अशा माणसांच्या पदरी घालावे, ही वाटणी वरवर पाहता भाबडी वाटते. पण तिच्यात कथनाचे मोठे मर्म होते. थोर पुरुषाचे काय होणार हे वाचकाला ठाऊकच असते, अनामिकाचे काय होणार हे ठाऊक नसते, आणि कादंबरी वाचली जाते ती या न-ठाऊकपणावर.

हरिभाऊ आपट्यांना हे मर्म पुरते उमगले होते. त्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ रेनॉल्ड्सच्या आधाराने उभी राहिली होती. लंडनच्या गल्लीबोळांतील गुपिते विकणाऱ्या त्या इंग्रज लेखकाची अभिरुची हरिभाऊंनी लवकरच टाकली, पण त्याची उत्कंठा वाढविण्याची हातोटी त्यांनी टाकली नाही, आणि १८९० साली स्वतःचे ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केल्यावर तर ती टाकणे परवडणारेही नव्हते. कारण आठवड्याआठवड्याने प्रकरण द्यायचे म्हणजे दर प्रकरणाच्या शेवटी वाचकाला कोठेतरी टांगून ठेवणे आले. ‘उषःकाल’ (१८९५–९७) मध्ये सुलतानगडचे किल्लेदार रंगराव अप्पा विजापूरच्या मिठाला जागणारे आणि त्यांचे चिरंजीव नानासाहेब नव्या स्वराज्याकडे ओढले गेलेले, असा जो पिता-पुत्रांचा निष्ठाभेद आहे, तोच त्या कादंबरीचा खरा प्राण. मसलती, वेषांतरे आणि सावळ्यासारख्या चलाख पोराच्या करामती त्या प्राणाला हालचाल देतात एवढेच.

परंतु माझ्या मते या मिश्रणाची पराकाष्ठा ‘उषःकाला’त नसून ‘वज्राघाता’त आहे. १५६५ च्या राक्षसतागडीच्या संग्रामात विजयनगर बुडाले, हे शाळकरी मुलालाही माहीत असते. हरिभाऊंनी त्या विनाशाच्या तळाशी विजयनगरच्या रामराजाने मेहेरजानवर केलेले प्रेम, तिची झालेली वंचना आणि तिच्या पुत्राचे, रणमस्तखानाचे, जन्मरहस्य ठेवले. येथे रहस्य वाचकाला खिळविण्यापुरते उरत नाही. ज्या राजाने प्रेमाचे उत्तरदायित्व झाकले त्याचे झाकलेले पाप राज्याच्या कारभारात शिरते, आणि शृंगार, रहस्य व इतिहास ही तीन सूत्रे एकाच गाठीत येतात. या कथेला ऐतिहासिक पुरावा नाही, असा आक्षेप कोणी घेईल; तो खराही आहे. पण पुरावा नसलेली गोष्ट संभवनीय करून दाखविणे हाच कादंबरीकाराचा अधिकार होय.

हरिभाऊंच्या मागून आलेल्यांनी गाठ सोडली आणि दोरे तेवढे उचलले. नाथमाधवांकडे कथनाचा वेग विलक्षण होता. शिकारीच्या वेळी सिंहगडावरून कोसळून ज्याचे अर्धे शरीर लुळे पडले, त्या लेखकाने लिहिलेल्या ‘वीरधवल’ची पाने इतकी धावावीत, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. पण भुयारे, बैरागी, मुद्रिका आणि हरवलेली राजकन्या यांचा जो सुळसुळाट पुढे झाला, त्याविषयी अधिक लिहिण्यात अर्थ नाही.

या सुळसुळाटाची प्रतिक्रिया म्हणून असेल, १९६२ साली रणजित देसाईंची ‘स्वामी’ आली तेव्हा रहस्य समूळ हद्दपार झाले होते. माधवराव पेशवे आणि रमाबाई यांच्या दांपत्यप्रेमाचे देसाईंनी रेखाटलेले चित्र हृद्य आहे, त्यांची भाषा मोहक आहे, १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या कादंबरीला मिळाला यातही वावगे काही नाही. परंतु थेऊरची चिता पहिल्या पानापासून दिसत असल्यामुळे तेथील शृंगार हा आरंभापासूनच शोकगीत होतो. वाचक हळहळतो, प्रश्न मात्र विचारीत नाही. पुढे चरित्रात्मक कादंबऱ्यांची जी रांग लागली, तिच्यात नायक बदलले, पण ही हळहळ बदलली नाही, आणि ती ओतून देण्याची कला देसाईंइतकी फार थोड्यांना साधली.

खेद याचा वाटतो, की रहस्यासाठी भुयारे खणण्याची आपल्याला गरजच नव्हती; रहस्ये पेशवे दफ्तराच्या रुमालांत बांधून ठेवलेली होती. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ दिसेनासे झाले. ते पडल्याची वार्ता त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी मानली नाही, कुंकू उतरविले नाही. काही वर्षांत भाऊसाहेब म्हणविणारा एक पुरुष प्रकट झाला, किल्ल्यांवर कैदेत पडला, आणि १७७६ मध्ये रत्नागिरीच्या अंमलदारानेच त्याची बाजू उचलल्यामुळे पाहता पाहता कोकणातील किल्ले त्याच्या हाती गेले. अखेर तो पकडला गेला, पुण्यात त्याची चौकशी झाली, तोतया ठरून त्याला देहदंड मिळाला. पार्वतीबाई मात्र १७८३ साली वारल्या त्या सौभाग्याची चिन्हे धारण करूनच. प्रेमाची एवढी मोठी कसोटी आणि ओळखीचे एवढे विकट कोडे एकाच घरात घडलेले असताना कल्पिताने आणखी काय पुरवायचे? त्या बाईने तोतयाची हकीकत ऐकली असेल तेव्हा तिच्या मनात आशा अधिक होती की भय, हे कोणत्याही कैफियतीत सापडणार नाही. न. चिं. केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहून या विषयाचे राजकीय अंग हाताळले. त्याचे अंतरंग कादंबरीची वाट पाहत आहे.

ना. सं. इनामदारांची दृष्टी या बाबतीत अधिक तीक्ष्ण. ‘झेप’ (१९६३) साठी त्यांनी पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांच्यासारखा बदनाम पुरुष निवडला. १८१५ मध्ये पंढरपुरात झालेल्या गंगाधरशास्त्र्यांच्या खुनाचा आळ त्याच्यावर. आणि ठाण्याच्या तुरुंगातून त्याची सुटका झाली ती मराठी न समजणाऱ्या गोऱ्या पहारेकऱ्यांदेखत एका मोतद्दाराने गाण्यांतून पोचविलेल्या निरोपांच्या बळावर. असला प्रसंग कल्पून लिहिला असता, तर टीकाकारांनी त्याची रेनॉल्ड्सच्या खात्यावर नोंद केली असती!

नव्या ऐतिहासिक कादंबरीकारांना माझी विनंती एवढीच, की आणखी एका महापुरुषाचे चरित्र हाती घेण्यापूर्वी त्यांनी दफ्तरातील अर्धवट राहिलेल्या चौकशांचे कागद एकदा चाळावेत, आणि ज्यांची जबानी कोणी घेतलीच नाही अशा स्त्रियांपासून आरंभ करावा.